टिकाऊ, पण कशापुढे?

2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं आणि ‘मॉफ’, म्हणजे मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, हा शब्द वर्तमानपत्रांत पोहोचला. पाठोपाठ काही समजुतीही पसरल्या.

नावात मेटल आहे म्हणून हा धातूचा स्पंज नव्हे. मॉफ म्हणजे बहुधा बारीक स्फटिकांची पूड. सांगाड्याच्या कोपऱ्यांवर धातूच्या आयनांचे पुंजके आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू. बहुतेक मॉफमधून वीजही धड वाहत नाही.

इतकी पोकळी म्हटल्यावर सांगाडा ढासळणारच, ही शंका मात्र रास्त होती. ताज्या स्फटिकांच्या पोकळ्या द्रावकाने भरलेल्या असतात आणि तो काढताना सुरुवातीचे कित्येक सांगाडे खरोखर कोसळत. याघींच्या गटाने 1999 मध्ये मांडलेला मॉफ-5 रिकामा करून 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, तरी शाबूत राहिला.

मग लोकांनी धरून चाललं, की आगीला पुरतो तो सगळ्याला पुरेल. गफलत इथेच आहे. मॉफ-5 साध्या दमट हवेत बिघडतो. पाण्याचा रेणू जस्ताला चिकटतो आणि जोडणाऱ्या टेरेफ्थॅलेटला हुसकावतो. क्ष-किरणांच्या आलेखात नको तिथे नवं शिखर उगवतं, पोकळ्यांत मावणारा वायू घटतो. मुंबईच्या जुलैत मॉफ-5 ची बाटली उघडी ठेवणं म्हणजे कठीणच!

ओस्लो विद्यापीठातून 2008 मध्ये आलेल्या यूआयओ-66 मध्ये जोडणारा रेणू तोच, फक्त जस्ताऐवजी झिर्कोनियम. त्याच्या आयनावर चार धनप्रभार, म्हणून ऑक्सिजनशी बंध बळकट. शिवाय मॉफ-5 मध्ये एका पुंजक्याला सहा जोड, तर इथे बारा. पाणी त्याचं फारसं बिघडवत नाही. पण फॉस्फेटच्या द्रावणात तोही मोडतो. आणि त्याचे स्फटिक निर्दोष असतात, हेही खरं नाही: बारापैकी काही जोड अनेकदा गायब असतात. गंमत म्हणजे उत्प्रेरकाच्या कामाला ही उणीवच सोयीची ठरते.

पण म्हणून जस्तालाच दोषी धरू नये. झिफ-8 या मॉफमध्येही जस्तच, पण ते इमिडॅझोलेटच्या नायट्रोजनला बांधलेलं आणि पोकळ्या पाण्याला नकोशा. तो उकळत्या पाण्यातही तगतो. कॅल्गरी विद्यापीठाचा कॅल्फ-20 हाही जस्ताचाच. वाफ आणि ओलसर आम्लधर्मी वायू सोसत तो कॅनडातल्या सिमेंट कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्यासाठी वापरला गेला.