पान्हा आणि पेप्टाइड

मराठी संतवाङ्मयात आणि स्त्रियांच्या ओव्यांत ‘पान्हा’ हा शब्द वात्सल्याचे प्रतीक म्हणून इतक्या वेळा येतो की, त्यामागे शरीरात घडणारी एक निश्चित क्रिया आहे, याचा अभ्यासकाला सहसा विसर पडतो. संस्कृत ‘प्रस्नव’पासून प्राकृताच्या वाटेने आलेला हा शब्द, हिंदीतील ‘पन्हाना’ हे क्रियापद त्याचेच सगोत्र. वासराने कासेला ढुशी दिली म्हणजे तो संदेश मेंदूपर्यंत जातो, पोष ग्रंथीतून ऑक्सिटोसीन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते, कासेतील सूक्ष्म पेशी आकुंचन पावतात आणि साठलेले दूध सडांत येते. हे संप्रेरक केवळ वासराच्या स्पर्शानेच नव्हे, तर आंबोणाची पाटी वाजताच किंवा ओळखीच्या हाताच्या चाहुलीनेही सुटते. उलट, भय वाटले की गाय पान्हा चोरते. ‘पान्हा चोरणे’ या वाक्प्रचारात शरीरशास्त्राचे निरीक्षण शास्त्राच्या कितीतरी आधी नोंदले गेले आहे.

ऑक्सिटोसीन हे पेप्टाइड, म्हणजे ॲमिनो अम्लांची आखूड साखळी. तिच्यात अवघे 9 दुवे आहेत. ‘पेप्टाइड’ ही संज्ञा एमिल फिशर यांनी 1902 मध्ये ‘पचलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडविली, आणि हा व्युत्पत्त्यर्थ पुढील विवेचनात उपयोगी पडणारा आहे. या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी 1906 मध्ये दाखविले. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी 1953 मध्ये ऑक्सिटोसीन प्रयोगशाळेत तयार केले. त्यांना 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळेत बनविलेला पान्हा कुपीत भरता येऊ लागला तो तेव्हापासून.

मराठी वाचकाला झाशी ठाऊक असते ती विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे. वेढ्याच्या त्या झाशीभोवतीचा बुंदेलखंड हा गुराढोरांचा आणि वारंवारच्या दुष्काळाचा मुलूख आहे. भारतीय चराई व चारा संशोधन संस्था 1962 मध्ये झाशीतच स्थापन झाली, आणि दाट, स्निग्ध दुधासाठी नावाजलेल्या भदावरी म्हशींच्या जतनाचे कामही तेथे झाले आहे. पण याच प्रदेशात आटलेली जनावरे मोकाट सोडून देण्याची ‘अन्ना’ प्रथाही आहे. चारा महाग, दूध थोडे. अशा घरी वासराच्या तोंडचे दूध हाही खर्चच ठरतो. वासरू दगावले की जनावर पान्हा चोरते. पूर्वी अशा वेळी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवीत. त्या फसवणुकीची जागा सुईने घेणे किती सोपे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

सुईच्या आधीही एक क्रूर उपाय होता. जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकून त्याला पान्हवावयास लावण्याच्या त्या रीतीस ‘फूका’ म्हणत. तिची माहिती कळल्यावर गांधीजींना दुधाची किळस आली, आणि पुढे आजारपणात त्यांनी शेळीचे दूध घेतले ते याच पार्श्वभूमीवर. 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे 12 वे कलम फूक्याला मनाई करते. दूध वाढविण्यासाठी जनावरास अपायकारक ठरणारे कोणतेही द्रव्य टोचणेही त्याच कलमात येते.

अपाय होतो तो कोणाला? दूध पिणाऱ्याची भीती सर्वांत अधिक बोलून दाखविली जाते, परंतु तिचा आधार सर्वांत क्षीण आहे. पेप्टाइड पोटात गेले की पचते. म्हणून तर ते टोचावे लागते. रक्तातही ते काही मिनिटांतच निष्प्रभ होते. जनावराची गोष्ट निराळी. रोज बाहेरून मिळणाऱ्या ऑक्सिटोसीनची सवय जडली की, सुईवाचून पान्हा नीट फुटत नाही. शिवाय बिनलेबलाच्या बाटलीत काय आणि किती आहे, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नसते.

खरा गुंता येथे आहे की, हेच द्रव्य बाळंतिणीचे प्राण वाचविते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी 10 एककांची मात्रा देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केलेली आहे. तीच सुई प्रसूतीपूर्वी, वेणा वाढविण्यासाठी, देखरेखीवाचून टोचली तर गर्भाशय फाटू शकते, बाळाचा प्राणवायू तुटतो. घरच्या बाळंतपणात अशी सुई देण्याची रीत संशोधकांनी उत्तर प्रदेशाच्या ग्रामीण भागात नोंदविली आहे. मोठी मात्रा पुष्कळ द्रवाबरोबर दिली तर शरीरात पाणी साचते आणि रक्तातील सोडियम घटते; कारण मूत्र रोखणाऱ्या व्हॅसोप्रेसिनहून ऑक्सिटोसीन अवघ्या दोन दुव्यांनी वेगळे आहे.

गोठ्यातील दुरुपयोग थांबविण्यासाठी केंद्र शासनाने एप्रिल 2018 मध्ये अधिसूचना काढून देशांतर्गत वापरासाठीचे उत्पादन केवळ सार्वजनिक क्षेत्रापुरते मर्यादित केले. दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द ठरविली. तुटवडा पडल्यास मातांच्या जिवाला होणारा धोका न्यायालयाने महत्त्वाचा मानला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. गाईची कणव आणि बाळंतिणीची कणव परस्परांसमोर उभ्या राहाव्यात, हा प्रसंग पान्ह्याच्या रूपकात दोघींना एकच मानणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकाला विचारात पाडणारा आहे.

इतर पेप्टाइडांचे स्वरूपही फारसे वेगळे नाही. इन्शुलिनची मात्रा चुकली तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाते; मधुमेह व स्थूलता यांवरील सेमाग्लुटाइडने मळमळ व उलट्या होतात.

आणखी एक बाब उष्णतेची. ऑक्सिटोसीन 2 ते 8 अंश सेल्सिअस तपमानात ठेवावे लागते, आणि झाशीचा पारा वैशाखात 45 अंशांपलीकडे जातो. वीज गेलेल्या आरोग्यकेंद्रातील कुपी दिसते तशीच, पण तिची शक्ती ओसरलेली असते. उष्णता सोसणारा कार्बेटोसिन हा तिचा बदललेला भाऊबंद 30 अंशांतही टिकतो. भारतासह 10 देशांतील सुमारे 30,000 स्त्रियांवर त्याची चाचणी झाली, आणि रक्तस्राव रोखण्यात तो ऑक्सिटोसीनहून कमी नाही, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले.