गाडीच्या टपावरचं ऊन

माझा भाचा टुरिस्ट गाडी चालवतो. नाशिक ते शिर्डी, नाशिक ते त्र्यंबक, अधूनमधून मुंबईचं विमानतळ. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून त्यानं हायब्रिड गाडी घेतली, म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेची मोटरही आहे अशी. मागच्या मार्चमध्ये एका रात्री तो घरी आला. हातात एक रंगीत कागद होता. "मामू, तुम्ही बी. ए. आहात, जरा हिशेब बघून द्या," म्हणाला. कागदावर लिहिलं होतं की गाडीच्या टपावर सोलर पॅनल चिकटवून घ्या, खर्च चाळीस हजार, पेट्रोल पाव हिश्शानं कमी. दोन हजार रुपये बयाणाही तो देऊन आला होता.

माझं बी. ए. साहित्यातलं. विजेचा आणि माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण भाच्याचे चाळीस हजार म्हणजे त्याचे गाडीचे दोन हप्ते. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो, ओळखीच्या एका वायरमनला आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या एका मित्राला छळलं, आणि जे समजलं ते आपल्यापुढे ठेवतो आहे. कारण असे कागद हल्ली पुष्कळांच्या हाती पडत आहेत.

सुरुवात उन्हापासून करू. भर दुपारी, आकाश स्वच्छ असताना, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर सुमारे १००० वॅट इतकं ऊन पडतं. सोलर पॅनल त्यातला साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतं. म्हणजे २०० वॅट. मोठ्या गाडीच्या टपावर पॅनलला उपयोगी अशी जागा फार तर दीड-दोन चौरस मीटर. म्हणजे तीनशे-चारशे वॅटच्या पलीकडे गाडी जात नाही. सकाळचं ऊन तिरपं, संध्याकाळचं तिरपं; दिवसभराचं सगळं ऊन गोळा करून त्याचं भर दुपारचं ऊन केलं तर ते पाच तासांचं भरतं. कागदावरच्या ३०० वॅटच्या पॅनलमधून दीड युनिट निघायला हवं. पण धूळ असते, तारांत गळती असते, आणि एक गंमत असते जी मला ठाऊक नव्हती: पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर पॅनल जितकं तापेल तितकी वीज घटते, दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के. एप्रिलमध्ये पत्र्यावर चिकटलेलं पॅनल ६५ अंशांवर गेलं, तर सहावा-सातवा हिस्सा तिथेच उडाला. घराच्या गच्चीवरची पॅनलं पायांवर उभी असतात, खालून वारा जातो; गाडीवर चिकटवलेल्याला ती सोय नाही. सगळं वजा जाता दिवसाला एक ते सव्वा युनिट.

एक युनिट म्हणजे गाडीला किती? भाच्याच्या गाडीएवढी सात माणसांची गाडी निव्वळ विजेवर एका युनिटात सहा किलोमीटर जाईल. तो रोज दोनशे किलोमीटर चालवतो.

इथे मला आमच्या अम्मीच्या शेवया आठवल्या. ती ईदसाठी गच्चीवर खाट टाकून तिच्यावर शेवया वाळत घालायची. एका खाटेवर एका खाटेपुरत्याच शेवया वाळत. पाहुणे जास्त असले तर शेजारणीची खाट मागून आणायची. उन्हाला विनवण्या करून भागत नसे. गाडीचा टप हाही जवळपास खाटेएवढाच. आणि अम्मीकडे आणखी एक सोय होती जी भाच्याच्या गाडीत नाही. १९८० च्या आसपास, माझ्या लहानपणी, रमजान ऐन पावसाळ्याच्या तोंडाला किंवा भर पावसात यायचा. तेव्हा अम्मी मे महिन्यातच शेवया वाळवून डब्यात भरून ठेवी आणि ईदला जुलै-ऑगस्टात काढी. मेचं ऊन पावसात खायचं! गाडीची बॅटरी हा तसाच डबा आहे, पण साध्या हायब्रिडचा हा डबा फार लहान असतो, जेमतेम एका युनिटाच्या आतबाहेरचा. गाडी मे महिन्यात आठवडाभर उन्हात उभी राहिली तर तो पहिल्याच दिवशी भरेल. पुढच्या सहा दिवसांचं ऊन ठेवायचं कुठे?

पण त्या एका युनिटाची गोष्टही पुढचीच. कारण कागदावर जे लिहिलेलं नव्हतं ते वायरमननं दोन मिनिटांत सांगितलं. हायब्रिड गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक नेहमीची १२ व्होल्टची, दिवे-हॉर्न यांच्यासाठी. दुसरी मोठ्या दाबाची, चाकं फिरवणारी. बाहेर चिकटवलेलं पॅनल फक्त पहिलीला जोडता येतं. दुसरीला हात लावायचा म्हणजे जिवाशी खेळ, आणि कंपनीची हमीही गेली. म्हणजे टपावर कमावलेली वीज चाकांपर्यंत पोचतच नाही. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. आरटीओत विचारल्याशिवाय टपावर काही जडवणं टुरिस्ट परवानावाल्याला परवडणारं नाही. आणि सगळ्यात साधी गोष्ट आम्हां दोघांच्याही लक्षात आली नव्हती. भाच्याच्या टपावर कॅरियर आहे. शिर्डीच्या भाविकांच्या बॅगा तिथे असतात. पॅनलमधल्या चकत्या माळेसारख्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एकीवर सावली पडली तर तिच्या ओळीतल्या सगळ्यांची धार बारीक होते, नळीवर पाय पडावा तशी.

मग हायब्रिड गाडी स्वतःची वीज आणते कुठून? थोडी इंजिनाकडून, आणि थोडी ब्रेककडून. हे समजावून घेण्यासाठी आपल्याला लांब जायला नको, कसारा घाटात जाऊ. इगतपुरीकडून कसाऱ्याकडे उतरताना गाडी सुमारे तीनशे मीटर खाली येते. प्रवाशांसकट दोन टनांची गाडी एवढी खाली आणली, तर त्या उतारात दीड युनिटाहून थोडी जास्त ऊर्जा असते. साध्या गाडीत ती ब्रेक तापवण्यात वाया जाते. हायब्रिडमध्ये ब्रेक दाबला की मोटर उलटी होऊन जनित्र बनते आणि बॅटरी भरते. टायर, वारा, गळती यांत बरीचशी गेली आणि तिसरा हिस्सा जरी हाती लागला, तरी टप अर्धा दिवस उन्हात तापून जेवढं कमावेल तेवढं घाट उतरता उतरता मिळालं. अर्थात येताना तोच घाट चढायचा असतो, तेव्हा पेट्रोल सगळं वसूल करतं!

टपावर पॅनल असलेल्या हायब्रिड गाड्या कारखान्यात बनलेल्याच नाहीत असं मात्र नाही. टोयोटानं २००९ साली प्रिअस गाडीला पॅनलचा टप दिला, पण त्या विजेवर गाडी चालत नव्हती. गाडी उन्हात उभी असताना आतली गरम हवा बाहेर फेकणारा पंखा चालायचा. मला ही कल्पना सगळ्यांत शहाणी वाटते. पुढे २०१७ मध्ये जपानात निघालेल्या, प्लगवर चार्ज होणाऱ्या प्रिअसला १८० वॅटचा टप आला. तो खरोखरच चाकांना वीज देई. कंपनीनंच सांगितलेला आकडा होता दिवसाला सरासरी २.९ किलोमीटर, फार तर ६.१. कोरियात २०१९ साली ह्युंदाईनं सोनाटा हायब्रिडवर असा टप बसवला आणि वर्षाला १३०० किलोमीटरचा हिशेब दिला. म्हणजे रोजचे साडेतीन. त्याच वर्षी टोयोटा आणि शार्प यांनी जपानी सरकारी संस्थेबरोबर एक प्रयोगाची गाडी बनवली. टप, बॉनेट, मागची काच, सगळीकडे उपग्रहांवर वापरतात त्या जातीची, ३४ टक्के वीज देणारी पॅनलं लावली. ८६० वॅट झाले, आणि दिवसाकाठी ४४.५ किलोमीटर जाण्याइतकी बॅटरी भरेल असा अंदाज निघाला. पण ती पॅनलं इतकी महाग की ती गाडी बाजारात आणण्यासाठी नव्हतीच. नेदरलँड्समधल्या एका कंपनीनं उन्हावरची गाडी अडीच लाख युरोंना विकायला काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिचं उत्पादन थांबवलं. पुढच्याच महिन्यात जर्मनीतल्या दुसऱ्या कंपनीनंही आपली गाडी सोडून दिली.

उलट जिथे टप मोठा आणि भूक लहान, तिथे ऊन कामाला येतं. केरळात वैकमला जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' नावाची ७५ माणसांची बोट उन्हावर चालते. रुंद छत, संथ पाणी, घाई नाही. त्याच वर्षी जुलैत दिल्लीत रेल्वेनं एका डिझेल लोकलच्या प्रत्येक डब्यावर ३०० वॅटची १६ पॅनलं बसवली. गाडी ओढायला डिझेलच, पण दिवे आणि पंखे उन्हावर. आपल्याकडून द्राक्षं घेऊन बंदराकडे जाणारे थंड कंटेनर पाहिले की मला नेहमी वाटतं, एवढं मोठं सपाट छत रिकामं उन्हात तापत जातं आहे आणि आत गारवा राखायला इंधन जळतं आहे.

भाच्याला मी शेवटी जे सांगितलं त्यानं तो थोडा नाराज झाला. म्हटलं, तुझ्या गाडीला ऊन नको, सावली हवी. उन्हात तापलेल्या गाडीत प्रवासी बसले की पहिला अर्धा तास एसी जोरात चालतो. हायब्रिडमध्ये तो मोटरच्याच बॅटरीवर चालतो, ती उतरली की इंजिन सुरू होतं. त्या अर्ध्या तासात दोन किलोवॅटनं एक युनिट गेलं, म्हणजे टपानं दिवसभरात कमावलं असतं तेवढंच. कडुनिंबाखाली गाडी लावली तर त्यातला बराच भाग वाचेल, आणि कडुनिंब चाळीस हजार मागत नाही. आम्ही कवी मंडळी तशी पहिल्यापासून सावलीची पक्षपाती, पण या वेळी हिशेबही आमच्या बाजूनं निघाला.

"मग अम्मीच्या घरावर लावू का?" त्यानं विचारलं. माझी बहीण वडाळा रोडला राहते, वर स्वतःची स्लॅब आहे. तिथे मात्र गणित वेगळं. तीन किलोवॅटचं पॅनल दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज देतं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांचं अनुदान ठेवलेलं आहे. उरलेली वीज महावितरणला जाते आणि बिलातून वजा होते. म्हणजे डबा सांभाळायचं कामही आपलं नाही. फक्त त्याच्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण आपल्याकडच्या बहुतेक हायब्रिड गाड्यांना प्लगच नसतो. हे ऐकून त्याचा चेहरा पडला. पण घराचं बिल कोण भरतं, असं विचारल्यावर हसला. दोन हजारांचा बयाणा काही परत मिळाला नाही.

या सगळ्या खटाटोपात मला स्वतःला एका गाडीचा मोह पडला, तेही कबूल करतो. पुण्याच्या वायवे मोबिलिटी या कंपनीनं 'ईव्हा' नावाची तीन माणसांची छोटी विजेवरची गाडी जानेवारी २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या प्रदर्शनात मांडली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत तिची किंमत सांगितली, सव्वातीन लाखांपासून पुढे. बॅटरीचं भाडं वेगळं. ती हायब्रिड नाही, निव्वळ विजेची आहे, प्लगवर भरते. पण टपावर पॅनल घेता येतं आणि त्यातून दिवसाला दहा किलोमीटरपर्यंत मिळतील असं कंपनी म्हणते. मी पेन्सिल काढून ताडून पाहिलं. १५० वॅटचं पॅनल, पाच तास, म्हणजे पाऊण युनिट. गाडी हलकी, एका युनिटात तेरा-चौदा किलोमीटर जाणारी. चांगल्या उन्हात आकडा जुळतो. पावसाळ्यात निम्म्यावर येईल, कधी पाव.

दोनशे किलोमीटर जाणाऱ्या भाच्याला दहा किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण माझं रोजचं जाणं-येणं किती? मंडई, सार्वजनिक वाचनालय, कधी बहिणीकडे. सात-आठ किलोमीटर. पहिल्यांदाच टप आणि भूक सारखी निघाली.

अडचण एकच. मी जुन्या नाशकात राहतो. आमची गल्ली आठ फुटांची, दोन्हीकडे तीन-तीन मजले. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकच्या अगदी डोक्यावर सूर्य येतो, तेव्हासुद्धा मी घड्याळ लावून पाहिलं. आमच्या दारात ऊन साडेअकराला उतरतं आणि दीडच्या आत समोरच्या भिंतीवर चढून जातं. तेवढ्या वेळात तिथे शेजारणीचे पापड असतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)