पैसे कटले, पावती कोठे?

वेबसाइटवर ऑर्डर नोंदली, पैसे कटले, पण पावतीचे पान कोरे आले की गिऱ्हाईक घाबरून पुन्हा पैसे भरते. 'स्ट्रट्स २' या जावा चौकटीवरच्या दुकानात कारण बहुधा किरकोळ असते. पावतीच्या पत्त्यात ऑर्डर क्रमांकाची जागा मोकळी ठेवलेली असते; तो क्रमांक 'गेटर' पुरवतो. गेटर नसेल किंवा स्पेलिंग जुळत नसेल तर जागा रिकामीच जाते, तक्रारही उमटत नाही. म्हणून व्यापारी बंधूंनी आधी ब्राउझरमधला पत्ता वाचावा आणि मगच प्रोग्रामरला बिल द्यावे! मात्र पुढचा संपूर्ण पत्ता बाहेरून आलेल्या दुव्यातून घेऊ देऊ नये. गिऱ्हाईक भलत्याच दुकानी पोचेल. स्ट्रट्समधील अशीच एक वाट २०१३ साली २.३.१५.१ या आवृत्तीत बंद करावी लागली.