दशक्रियेचा पखवाज आणि मेहतांचा वाद्यवृंद

शिक्रापुरात ऑर्केस्ट्रा म्हटलं की जत्रेचं स्टेज डोळ्यांपुढे येतं. सिनेमाची गाणी, फर्माइशी. माणूस गेल्यावर मात्र दशक्रियेला नदीकाठी प्रवचन असतं. बुवांच्या मागे दोन टाळकरी, एक पखवाजवाला. दहा दिवस दाबून धरलेलं रडू पखवाजाच्या पहिल्या थापेला फुटतं, हे मी कितीदा पाहिलंय. म्हणूनच मुंबईत १९३६ साली जन्मलेल्या वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांनी मेलेल्यांसाठी जे वाद्यवृंद उभे केले, ते मला परके वाटत नाहीत.

१९ जून १९९४. सारायेव्हो वेढ्यात होतं. दोन वर्षांपूर्वी तोफगोळ्यांनी जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भग्न इमारतीत मेहतांनी मोझार्टचं ‘रेक्विम’ सादर केलं. मृतांच्या शांतीसाठीची ही ख्रिस्ती प्रार्थना. मोझार्ट ती अपुरी ठेवूनच गेला. मला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. वाजवणारे त्याच शहरातले होते. दशक्रियेचा पखवाजवाला भावकीतलाच असावा, तसं.

१९९९ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीजवळच्या वायमारला त्यांनी इस्रायलचा आणि म्युनिकचा वाद्यवृंद एकत्र बसवून माहलरची दुसरी सिंफनी वाजवली. २६ डिसेंबर २००५ ला, त्सुनामीच्या वर्षश्राद्धाला म्हणा ना, म्युनिकचाच तो वाद्यवृंद घेऊन ते चेन्नईच्या म्युझिक अकादमीत उभे होते.

मार्च २०११ मध्ये जपानला भूकंप झाला तेव्हा ते टोकियोतच होते. दौरा अर्धवट राहिला. पण १० एप्रिलला ते परत आले आणि एनएचके वाद्यवृंदासह आधी बाखची एक संथ रचना, मग बेथोव्हेनची नववी सिंफनी सादर केली. नववीचा शेवट आनंदगानाचा. सुतकात आनंद कसला, असं कुणी विचारेल. आपणही तेराव्याला गोडाचं जेवण करतोच की.

आणि माळीण? ३० जुलै २०१४ च्या सकाळी शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या या गावावर डोंगर खचला आणि दीडशेवर माणसं गाडली गेली. एका घरातलं माणूस गेलं तर भावकी घाटावर जमते. इथे भावकीच ढिगाऱ्याखाली. अशांचं सुतक जिल्ह्यानं धरायला हवं. पखवाज, टाळ, सनई, व्हायोलिनं एका मंचावर बसवून, एकेक नाव वाचून, ३० जुलैच्या संध्याकाळी पुण्यात अशी मैफल झाली, तर शिक्रापूरहून दुपारचीच एसटी धरून मी पुढच्या रांगेत येऊन बसेन.