गुडघे आणि पायाखालचे कोर्ट

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात ज्यांची उमेदीची वर्षे कारखान्याच्या सिमेंटवर उभे राहण्यात गेली, असे कित्येक गृहस्थ निवृत्तीनंतर सायंकाळी रॅकेट घेऊन निघतात आणि पुन्हा तशाच कठीण जमिनीवर जाऊन उभे राहतात. चार महिन्यांत गुडघा कुरकुरू लागला की घरची मंडळी म्हणतात, ‘आता वय झाले, पुरे करा!’ माझे म्हणणे एवढेच, की खेळ सोडण्याआधी पायाखालची जमीन तपासावी.

जमीन कठीण म्हणून गुडघा दुखतो, हा समज अर्धाच खरा. पक्क्या कोर्टाच्या तळाशी डांबर वा काँक्रीट असते आणि वर ॲक्रिलिक रंगाचे थर. त्या रंगात मिसळलेली वाळू बूट पकडून ठेवते. धावत आलेल्या माणसाचा पाय तत्क्षणी थांबतो, धड मात्र वेगातच असते. त्या वेगाचा हिशेब गुडघ्याने क्षणार्धात चुकता करायचा. तरुणपणी मांडीचे स्नायू हा भार झेलतात. पन्नाशीनंतर ते क्षीण होतात, आणि सांध्यातल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने तिची झीज सहसा भरून येत नाही. कोर्टात रबराचा थर घातला, तर टाचेचा हादरा कमी होतो खरा. पण ती पकड काही सुटत नाही.

मातीच्या कोर्टावर पाय वीतभर घसरतो व तोच वेग वीतभर अंतरात जिरतो. सायकलचा ब्रेक करकचून दाबणे आणि हळूहळू दाबणे यांत जो फरक, तोच येथे. चेंडूही मंद होऊन उंच उसळतो, त्यामुळे वाकावे कमी लागते. गवतावर याच्या उलट. पण हिरवळीचे कोर्ट आपल्या वाट्याला येते कुठे! मात्र माती काही फुकट देत नाही. एकेक गुण लांबतो, दमछाक होते, आणि घसरण्याची सवय नसलेल्याची जांघ चांगलीच भरून येते.

कोणी विचारील, रोहन बोपण्णाचे काय? बालेवाडीच्या पक्क्या कोर्टावर त्याने २०२२ साली दुहेरीचे विजेतेपद मिळवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन स्पर्धेतले. गुडघ्यांत कूर्चा उरली नसल्याचे त्यानेच सांगितले आहे. त्याला आधार मिळाला तो अय्यंगार पद्धतीच्या योगासनांचा, म्हणजे आपल्या पुण्यातच वाढलेल्या विद्येचा. शिवाय दुहेरीत अर्धेच कोर्ट सांभाळायचे असते, हेही विसरू नये.

तेव्हा मातीचे कोर्ट जवळ असल्यास आठवड्यातले निदान दोन दिवस तेथे खेळावे. तेही पाणी मारून रूळ फिरवलेला असेल तेव्हाच. पहिले पंधरा दिवस मुद्दाम घसरू नये. आणि पक्क्या कोर्टावर झिजून गुळगुळीत झालेले बूट तेथे घालू नयेत.