गोबी मासा : ओळख आणि निगा

शोभेच्या माशांच्या दुकानात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, जेमतेम ३-४ सेंटिमीटरचा मासा काचेला चिकटून बसलेला दिसला, तर तो बहुधा बंबलबी गोबी असतो. मूळचा आग्नेय आशियातला.

गोबीची खूण पोटाखाली असते. तिथले दोन पर जुळून वाटीसारखी चकती बनते. तिने तो दगड धरून ठेवतो. पाठीवर दोन वेगवेगळे पर असतात. लोच माशाच्या पाठीवर मात्र एकच पर असतो आणि तोंडाभोवती मिशा असतात.

घरी आणलेला गोबी अनेकदा भुकेने मरतो. कोरडे दाणे तो सहसा खात नाही. त्याला हलणारे भक्ष्य लागते. डाफ्निया किंवा आर्टेमियाची पिल्ले द्यावीत. चपळ मासे त्याचा घास पळवतात, म्हणून टाकी स्वतंत्र असावी. तळाशी बारीक वाळू व लपायला लहान कुंड्या ठेवाव्यात. कुंडीत अंडी घातली, तर राखण बाप करतो!

दुकानात तो गोड्या पाण्यात होता की मचूळ, हे विचारून घ्या. पाणी एकदम बदलू नका.

पालकांना विनंती, हौस फिटली तरी मासा नदी-तळ्यात सोडू देऊ नये. दुसऱ्या हौशी मित्राला द्यावा.