शून्य ते दहा

सकाळी ९. परळच्या एका कॅन्सर रुग्णालयातली माझी खोली: टेबल, तीन खुर्च्या, टिश्यूचा डबा. पूर्वी पाटी होती 'मानसोपचार'. बायका दारातूनच परत फिरायच्या. आता 'समुपदेशन' आहे. निदान आत डोकावतात.

९:३०. नव्या पेशंटच्या हाती कागद. त्यावर थर्मामीटरचं चित्र, खाली शून्य, वर दहा. गेल्या आठवड्यात जिवाला किती त्रास झाला? चार किंवा त्यावर खूण आली, की सविस्तर बोलायचं. साताऱ्याच्या एका मावशींनी दोनवर खूण केली. खालच्या त्रासांच्या यादीत मात्र झोप, पैसा, मुलं, सगळीकडे खूण.
"मावशी, दोनच?"
"जास्त लिहिलं तर केमो थांबवतील ना?"
इतकी वर्षं कागद वाटतेय, हे मला कधी सुचलं नव्हतं.

११. डे केअर. केमोच्या लाल औषधाची तिसरी खेप असलेल्या ताईंना सुई टोचण्याआधीच, नुसत्या स्पिरिटच्या वासाने उलटी होते. हे नाटक नव्हे. वास आणि मळमळ यांची शरीराने गाठ मारलेली असते, आणि तिथे गोळ्या फारशा चालत नाहीत. आदल्या रात्रीपासून सावकाश श्वास, पायाच्या बोटांपासून एकेक स्नायू सैल सोडणं, असं शिकवलं होतं. आज उलटी झालीच, पण खुर्चीत बसल्यावर. मागच्या वेळी लिफ्टमध्ये झाली होती.

२. नवरे. "मॅडम, तिला पॉझिटिव्ह राहायला सांगा." या शब्दाचा मला राग आहे. याच्याच धाकाने बायका नळ सोडून न्हाणीत रडतात. मन सांभाळल्याने आयुष्य वाढतं का? १९८९ च्या एका अमेरिकन अभ्यासात गटोपचाराने आयुष्य वाढल्यासारखं दिसलं होतं. २००१ च्या मोठ्या अभ्यासात ते टिकलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या. मला तेवढं पुरेसं आहे.

४. गट. एकीने जुन्या सुती साडीची, आत मोहरी भरलेली उशी आणली होती, काढलेल्या स्तनाच्या जागी ब्लाऊजमध्ये ठेवायला. "भाजीवाल्याच्या काट्यावर तोलली," म्हणाली. हातोहात फिरली, हशा पिकला.

५. सायकिअॅट्रिस्टना फोन. एक पेशंट कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेनवर आहे आणि बाहेरून नैराश्यावरचं पॅरॉक्सेटिन सुरू झालंय. ही गोळी टॅमॉक्सिफेनचा असर कमी करू शकते; बदलायला हवी.

५:४०. मावशी परत आल्या. दोन खोडून सात केलं. केमो ठरल्या दिवशीच आहे ना, हे दोनदा विचारून मगच गेल्या.